रंगांची गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर वर्षी रंगपंचमीच्या संध्याकाळी, अंगावरचे रंग धुऊन झाल्यावर, गाण्यांची एक घरगुती बैठक भरते. तिचा नियम एकच आहे: गाण्यात रंग असला पाहिजे. नियम ऐकायला सोपा असला तरी पहिल्याच वर्षी त्यावरून इतका वाद झाला की तेव्हापासून एक वही ठेवावी लागली. त्या वहीच्या आधारे, पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे लिहिली आहेत.

कोणते गाणे ‘रंगाचे गाणे’ धरायचे?

मुखड्यात किंवा अंतऱ्यात एखाद्या रंगाचे नाव आले की ते गाणे धरले जाते. अडचण पुढेच आहे. मराठी गीतकार पुष्कळदा रंगाचे नाव घेतच नाहीत. तो रंग ज्या वस्तूत राहतो त्या वस्तूचे नाव घेतात. हळद म्हटली की पिवळा, पाचू म्हटला की हिरवा आणि चंद्रकळा साडी म्हटली की काळा हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून आम्ही वस्तूही मान्य करतो; मात्र त्या ओळीत ती रंगासाठीच आलेली असावी, अशी अट आहे.

या अटीवरून सर्वांत मोठे भांडण ना. धों. महानोरांच्या ‘जांभूळपिकल्या झाडाखाली’ या गीतावर झाले. ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटातील हे गाणे सर्वांनाच म्हणायचे होते. पिकलेले जांभूळ म्हणजे रंगच, असे एका बाजूचे म्हणणे होते. तेथे झाड आणि ढोल महत्त्वाचे आहेत, जांभळा रंग नव्हे, असे दुसऱ्या बाजूचे. ढोलकीवर बसलेल्या काकांनी वाद संपण्याची वाट न पाहता ठेका धरला, आणि निर्णय तेथेच झाला.

नुसता ‘रंग’ हा शब्द असलेले गाणे चालते का?

चालते. सुरेश भटांच्या ‘रंगुनी रंगात साऱ्या रंग माझा वेगळा’ या गझलेत एकाही रंगाचे नाव नाही, तरी तिला बाहेर ठेवणे आम्हाला पटले नाही. मराठीत ‘रंग’ हा शब्द डोळ्यांपुरता कधीच नव्हता. मेंदी रंगते, विडा रंगतो, मैफल रंगते आणि नट रंगभूमीवर उभा राहतो. ‘रंग’ आणि ‘राग’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘रञ्ज्’ या एकाच धातूपासून आले आहेत. त्यामुळे कोणी आलापीला बसले तर तेही रंगाचेच गाणे आहे, असा युक्तिवाद आमच्याकडे एकदा झाला होता. तो वेळेअभावी फेटाळण्यात आला.

मराठी गाण्यांत सर्वांत जास्त कोणता रंग येतो?

आमच्या वहीत सर्वांत जाड भाग सावळ्या रंगाचा आहे, आणि गंमत अशी की हा रंग इंद्रधनुष्यात नाही. रंगपेटीतही नाही. लहान मुलाला ‘सावळा खडू दे’ असे कोणी म्हणत नाही. तरीही मराठी गाण्याचे मन ज्या रंगावर जडले आहे तो हाच.

ग. दि. माडगूळकरांचे ‘सावळाच रंग तुझा’ हे गीत सुधीर फडक्यांच्या चालीत माणिक वर्मांनी गायले. माणिकताई मूळच्या पुण्याच्या, त्यामुळे आमच्याकडे हे गाणे म्हणण्यावर ज्येष्ठ महिलांचा थोडा हक्क आहे असे मानले जाते. त्यात त्या रंगाला पावसाळी नभाची उपमा दिली आहे, आणि सावळ्याची याहून नेमकी व्याख्या कोशातही सापडायची नाही: जो अजून बरसलेला नाही, पण भरून आला आहे, अशा ढगाचा रंग. ‘गीतरामायणा’त याच कवीने कौसल्येच्या तोंडी ‘सावळा गं रामचंद्र’ हे गीत घातले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणी केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे ही गीते प्रसारित झाली आणि एकूण ५६ गीतांची ती माला पूर्ण झाली. मूळ प्रसारणात हे गीत ललिता फडके यांनी गायले होते. एका गाण्यात प्रेयसी आणि दुसऱ्यात आई. दोघींनाही आपल्या माणसाचे वर्णन करताना आधी त्याचा रंगच आठवावा आणि तो एकच असावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शब्दाचा प्रवासही सरळ आहे. श्यामल या शब्दातला ‘म’ झिजून ‘व’ झाला आणि सावळा तयार झाला. पण श्याम म्हणजे काळा की निळा, हा प्रश्न संस्कृतनेच उघडा ठेवला होता आणि मराठीने तो तसाच वारशात घेतला. ज्ञानेश्वरांच्या नावावरील ‘निळिये मंडळी निळवर्ण सावळी’ या अभंगात निळे आणि सावळे एकाच ओळीत येतात, आणि त्या ओळीत आकाश कोठे संपते व देव कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही. बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेतला झरासुद्धा ‘निळासावळा’च आहे.

विठ्ठल सावळा, मग त्याला ‘पांडुरंग’ कसे म्हणतात?

हा प्रश्न दर वर्षी एखादे लहान मूल विचारते आणि मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात. ‘पांडुर’ म्हणजे फिकट पांढरा, हा अर्थ खरा आहे. मूर्ती काळ्या पाषाणाची, अभंगांत वर्णन सावळ्याचे आणि नाव मात्र पांढऱ्या अंगकांतीचे, ही विसंगतीही खरी आहे. या नावाचा संबंध शिवाशी जोडणारे अभ्यासक आहेत आणि पंढरपूर या स्थलनामाशी जोडणारेही. आम्ही मुलांना इतकेच सांगतो की ज्ञानेश्वरांच्या ‘पांडुरंगकांती’ या अभंगात रंगापेक्षा तेजाचे वर्णन आहे, आणि काळ्या दगडावर निरांजनाचा उजेड पडला की तो काळा दिसत नाही. हे उत्तर शास्त्रीय नाही, परंतु पंढरपूरला जाऊन आलेल्या मुलांना ते पटते.

‘अबीर गुलाल उधळीत रंग’ हा अभंग नेमका कोणाचा?

पं. जितेंद्र अभिषेकींच्या आवाजामुळे घराघरांत पोहोचलेला हा अभंग संत चोखामेळा यांच्या नावाने छापला जातो आणि त्यात ‘चोखा म्हणे’ अशी नाममुद्राही आहे. शंका दुसऱ्या ओळीवरून येते. ‘नाथा घरी’ पांडुरंग नाचतो असे तेथे म्हटले आहे, आणि श्रीखंड्याचे रूप घेऊन देव ज्यांच्या घरी राबला अशी कथा आहे, ते एकनाथ महाराज सोळाव्या शतकातले, तर चोखोबांचे निधन १३३८ सालचे मानले जाते. सुमारे अडीचशे वर्षांचे हे अंतर आहे. तेथे ‘नाथ’ म्हणजे दुसरे कोणी असावे किंवा चोखोबांच्या नावाने नंतरच्या कोणी रचना केली असावी, असे दोन मार्ग उरतात. आमचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, पण त्याने अभंगाचे काही बिघडत नाही, कारण उंबरठ्याबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाची जी वेदना पुढच्या ओळीत आहे ती चोखोबांचीच आहे. आत रंग उधळला जात आहे आणि गाणारा बाहेर वाळवंटात उभा आहे. रंगपंचमीचे आनंदगीत म्हणून टाळ्यांच्या ठेक्यावर हे म्हटले जाते, तेव्हा निदान गाणाऱ्याने तरी ही गोष्ट मनात ठेवावी, एवढी विनंती आहे.

याच्यापुढे लगेच ‘अवघा रंग एक झाला’ घेण्याची आमची प्रथा आहे. हा अभंग चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांचा आहे, आणि किशोरी आमोणकरांनी भैरवीत गायल्यापासून त्याची दुसरी चाल ऐकवत नाही. आधीच्या अभंगात रंग उधळले गेले; येथे ते सगळे मिळून एक झाले. शेवटी सोयराबाई स्वतःचा उल्लेख ‘चोख्याची महारी’ असा करतात. मीतूंपण वाया गेले असे सांगणारी बाई आपली जात लपवत नाही, ती सही म्हणून लिहिते. या दोन अभंगांच्या मध्ये निवेदन करू नये असे आम्ही ठरवले आहे.

एक लहानशी टीप: उत्तरेत अबीर म्हणजे रंगीत पूड, आपल्या पूजेच्या ताटातला अबीर मात्र बहुधा काळसर आणि सुवासिक असतो. म्हणजे अभंगाच्या पहिल्या दोन शब्दांत काळा आणि लाल असे दोन रंग आहेत.

गोऱ्या रंगाची गाणी आज म्हणावीत का?

‘गोरी गोरी पान’ हे माडगूळकरांचे, श्रीनिवास खळ्यांनी चाल दिलेले आणि आशा भोसल्यांनी गायलेले बालगीत दर वर्षी कोणीतरी सुचवते आणि अलीकडे कोणीतरी हरकतही घेते. वहिनी गोरीच का हवी, हा प्रश्न एका आठवीतल्या मुलीने विचारला तेव्हा तिच्या आजीला हसू आले, पण उत्तर आले नाही. विवाहाच्या जाहिरातींनी ‘गव्हाळ’ आणि ‘निमगोरा’ असे दोन शब्द मराठीला दिले आहेत, तेव्हा हरकत हवेतली नाही. आमचे मत असे की गाणे म्हणावे. त्याची चाल आणि त्यातला लाडिक हट्ट टाकून देण्यासारखा नाही. मात्र ज्या कवीने हे लिहिले त्यानेच ‘सावळाच रंग तुझा’ही लिहिले, म्हणून ही दोन गाणी आम्ही लागोपाठ घेतो. मराठी गाण्यात देव आणि प्रियकर सावळा चालतो, वधू मात्र गोरी लागते, ही गोष्ट मग कोणी बोलून दाखवावी लागत नाही.

हिरव्या रंगाची इतकी गाणी कशी?

पावसामुळे. मंगेश पाडगावकरांचे, खळ्यांच्या चालीतले आणि लता मंगेशकरांनी गायलेले ‘श्रावणात घननिळा बरसला’ घ्या: निळा ढग बरसतो आणि झाडांतून हिरवा पिसारा उलगडतो. पुढे ‘पाचूच्या हिरव्या माहेरी’ हळदीचे ऊन येते. निळा, हिरवा, पिवळा. तीन रंग आणि तिन्ही एकमेकांचे नातेवाईक. पाचूच शांता शेळक्यांच्या ‘ऋतु हिरवा’ या गीतातही रुजतो, ज्याला श्रीधर फडक्यांनी चाल दिली आणि आशा भोसल्यांनी ते गायले. नव्या पिढीला मात्र हिरवा म्हटले की ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) या चित्रपटातले, सोनू निगमने गायलेले ‘हिरवा निसर्ग हा भवतीने’ आठवते आणि सहलीच्या बसमध्ये तेच योग्य आहे. जुलैमध्ये ताम्हिणी घाटातून गेलेल्या कोणालाही या तिन्ही गाण्यांत अतिशयोक्ती वाटणार नाही.

काळा रंग अशुभ, मग त्याची गाणी कशाला?

काळा अशुभ असता तर संक्रांतीला बायका हौसेने काळी साडी नेसल्या नसत्या. तिचे जुने नाव चंद्रकळा, आणि भोंडल्याच्या एका गाण्याची सुरुवातच ‘काळी चंद्रकळा नेसू कशी’ अशी आहे. त्या गाण्यात दमडीच्या तेलात सासूबाईंचे न्हाणे होते, मामंजींची शेंडी होते, उरलेले तेल सांडून वेशीपर्यंत ओघळ जातो आणि त्यात हत्ती वाहून जातो. आश्विनात हत्तीचे चित्र मधोमध ठेवून, फेर धरून हे गाणाऱ्या मुलींना त्यातला काळा रंग अशुभ वाटल्याचे ऐकिवात नाही.

त्याहून मोठा काळा रंग जमिनीचा आहे. विठ्ठल वाघांच्या ‘काळ्या मातीत मातीत’ या गीतात तिफण चालते आणि ‘अरे संसार संसार’ या चित्रपटामुळे ते सर्वतोमुखी झाले. राजा बढ्यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीतात ‘काळ्या छातीवरी’ लेणी कोरलेली आहेत. हे गीत २०२३ साली राज्यगीत झाले. या दोन गाण्यांतला काळा रंग एकाच ठिकाणाहून आला आहे. दख्खनचा बेसाल्ट हा ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून बनलेला काळा खडक आहे. तो झिजला की काळी कसदार माती होते आणि न झिजता उभा राहिला की त्यात लेणी कोरता येतात. ज्याला हे पाहायचे असेल त्याने पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात जावे. भर शहरात, रिक्षांच्या आवाजात, ती काळी छाती तेथे आहे.

लाल आणि तांबडा यांत फरक मानायचा का?

गाण्यापुरता मानावा. ‘लाल’ हा शब्द फारसीतून आला, तर ‘तांबडा’ ताम्र म्हणजे तांबे या शब्दातून. पुण्यात दोन्ही नांदतात: राजांचा लाल महाल आहे आणि ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी. शाहिरीत लाल बावटा येतो, कारण तो चळवळीचा शब्द आहे; पहाट होते तेव्हा मात्र तांबडे फुटते. ‘तांबडा’ हा शब्द शहरी गाण्यांतून जवळजवळ निवृत्त झाला होता. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ या गाण्याने तो एकदम नाचाच्या तालावर परत आणला. सावळा नाही, गोरा नाही, उन्हात चमकणारी तांबडी कातडी! आमच्या ज्येष्ठ सभासदांना हे गाणे आवडले नाही, पण शब्द परत आल्याचे त्यांनी मान्य केले.

निळा म्हणजे उदास का?

इंग्रजीत तसे आहे. तेथे उदास माणूस निळा होतो आणि ‘ब्लूज’ नावाचा एक संगीतप्रकारच त्या उदासीला वाहिलेला आहे. मराठीत निळ्याला तो अर्थ नाही. येथे निळा म्हणजे आकाश, कृष्ण, आणि विसाव्या शतकापासून बाबासाहेबांचे निळे निशाण. भीमगीतांतला निळा रंग ताठ मानेचा आहे. त्यामुळे इंग्रजी गाण्याचा अर्थ समजावताना ‘निळा’ असा शब्दशः अनुवाद करू नये.

पिवळ्याची गाणी कमी का वाटतात?

कमी नाहीत, ती हळदीत आणि भंडाऱ्यात लपलेली आहेत. ‘गुलाबाची कळी’ हे लग्नाच्या हळदीला हमखास वाजणारे गाणे ‘तू ही रे’ (२०१५) या चित्रपटातले. जेजुरी तर आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि भंडारा उधळलेला गड ज्याने पाहिला आहे त्याला खंडोबाच्या गाण्यात ‘पिवळा’ हा शब्द नसल्याची उणीव भासत नाही.

हिंदी गाणी चालतील का?

तीनच, आणि मराठी गाणी झाल्यावर. ‘सिलसिला’ (१९८१) मधले ‘रंग बरसे’ कोणीतरी म्हणतेच. ‘बंदिनी’ (१९६३) मधले ‘मोरा गोरा अंग लई ले’ आम्ही स्वतः सुचवतो. गोरे अंग घे आणि श्याम रंग दे, असे देवाण-घेवाणीचे बोल गुलजारांच्या या सुरुवातीच्या चित्रपटगीतात आहेत, आणि सावळ्याच्या प्रकरणात ते चपखल बसतात. तिसरे ज्याचे त्याने निवडावे.

लहान मुलांसाठी कोणते गाणे घ्यावे?

‘नाच रे मोरा’. ‘देवबाप्पा’ (१९५३) या चित्रपटासाठी माडगूळकरांनी लिहिलेल्या आणि पु. ल. देशपांड्यांनी चाल दिलेल्या या गाण्यात सातरंगी कमान आहे, त्यामुळे सगळे रंग एकदम होतात आणि भांडण मिटते.

हे सगळे रंगपंचमीलाच का, धुळवडीला का नाही?

महाराष्ट्रात होळीच्या दुसऱ्या दिवशी राख-मातीची धुळवड आणि फाल्गुन वद्य पंचमीला रंग, अशी जुनी रीत आहे. अलीकडे पुण्यातही धुळवडीलाच रंग खेळून घेतात, कारण त्या दिवशी सुट्टी असते. सुलोचना चव्हाणांची ‘खेळताना रंग बाई होळीचा’ ही लावणी आम्ही तरीही पंचमीलाच म्हणतो.

वहीत ‘काळी चार’ आणि ‘पांढरी दोन’ असे लिहिले आहे. ही कोणती गाणी?

ती गाणी नाहीत, पट्ट्या आहेत. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या सुरांवरून गाण्याची पट्टी सांगायची आपल्याकडे पद्धत आहे: पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्य ‘सी’, त्याच्या पुढची काळी एक. बायकांचे आवाज साधारणपणे काळी चार-पाचला जमतात, पुरुषांचे पांढरी एकपासून काळी दोनपर्यंत. एका नव्या सभासदाने ‘काळी चार’ हे काळ्या रंगाचे गाणे समजून चार गाण्यांची तयारी करून आणली होती. चारही म्हणायला लावली.

गाण्यांची पुस्तिका छापून वाटता येईल का?

संतांचे अभंग आणि बालकवींच्या (निधन १९१८) कविता खुशाल छापाव्यात. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालतात, म्हणजे १९७७ साली वारलेल्या माडगूळकरांची गीते २०३७ अखेरपर्यंत परवानगीशिवाय छापू नयेत. तिकीट न लावता हौशी मंडळींनी ती गाण्यास मात्र कायद्यात मुभा आहे.

अमुक रंगाचे गाणेच सापडत नाही, काय करावे?

लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात चिंतामणी, आमसुली, शेवाळी, अंजिरी, डाळिंबी, पारवा असे रंग सहज मागता येतात. गीतकारांनी त्यांतले फार थोडे उचलले. वहीत प्रत्येक रंगाला एक पान दिले आहे. करड्याचे पान अजून कोरे आहे. वही तळमजल्यावर, पेटी ठेवली आहे त्याच कपाटात असते.